एकाच प्रदर्शनातले दोन कोपरे

डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्रादला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, एका प्रदर्शनाची मांडणी चालू असताना काझिमिर मालेविच आणि व्लादिमिर तात्लिन हे दोन रशियन कलावंत हातघाईवर आले, असं सांगतात. कुणी कुणाला किती मारलं, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. भांडण कशावरून झालं याबद्दल मात्र फारसा मतभेद नाही. मालेविचची नवी चित्रं आपल्या कामाच्या शेजारी नकोत, ती हौशी माणसाची कामं आहेत, असं तात्लिनचं म्हणणं होतं. शेवटी तोडगा निघाला तो असा, की तात्लिन, ल्युबोव पोपोव्हा आणि नादेझ्दा उदाल्त्सोव्हा यांची कामं वेगळ्या खोलीत लागतील. त्या खोलीच्या दारावर पाटी चढली: 'व्यावसायिक चित्रकारांचं प्रदर्शन'.

प्रदर्शनाचं नाव होतं 'शेवटचं भविष्यवादी चित्रप्रदर्शन ०,१०'. शून्यापर्यंत जाऊन शून्याच्याही पलीकडे निघालेले दहा जण, असा त्या आकड्यांमागचा विचार. प्रत्यक्षात भाग घेतला चौदा जणांनी. मालेविचच्या खोलीचा एक फोटो उपलब्ध आहे. भिंतीवर चौकोन, पट्टे, तिरके आयत दाटीवाटीने लावलेले, खाली एक साधी खुर्ची, आणि वर छताजवळ, दोन भिंती जिथे मिळतात तिथे, आडवा लावलेला काळा चौकोन. रशियन घरात ती जागा देवचित्राची. ज्या जागेपुढे लोक हात जोडत, तिथे मालेविचने जेमतेम ऐंशी सेंटिमीटरचा एक चौकोन टांगला.

मला त्या प्रदर्शनाबद्दल विचार करताना दरवेळी थांबवणारी गोष्ट दुसऱ्या खोलीत आहे. तिथे तात्लिनने आपली नवी शिल्परचना मांडली होती. पत्रा, तारा, लाकूड अशा वस्तूंची ती रचना दोन भिंतींच्या मधोमध ताणून बसवलेली होती. म्हणजे तीही कोपऱ्यातच. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोघांनी, आपापलं काम एकमेकांपासून लपवून ठेवणाऱ्या दोघांनी, त्याच वर्षी त्याच प्रदर्शनात भिंतीचा सपाट मधला भाग नाकारला आणि कोपरा निवडला. चौकट संपली आहे, हे दोघांनाही कळलं होतं. पुढे कुठे जायचं याची उत्तरं इतकी विरुद्ध होती, की एका खोलीत ती दोन्ही मावणं शक्य नव्हतं. मालेविचने चित्रातून वस्तू हद्दपार केली, रंग आणि आकार अवकाशात मोकळे सोडले. तात्लिनने चित्रच उचलून वस्तूच्या हवाली केलं: पत्रा पत्र्यासारखा वाकू दे, तार तारेसारखी ताणली जाऊ दे.

या भांडणात मी तटस्थ नाही. तात्लिन मला जास्त जवळचा वाटतो. तरुणपणी जहाजांवर काम केलेला हा माणूस दोर, शीड, ताण यांची भाषा शरीराने शिकला होता आणि ती त्याच्या कामात दिसते. मालेविचचं लिखाण वाचताना मला अनेकदा धाप लागते. तो स्वतःचा प्रेषित आहे. पण काळ्या चौकोनापुढून पाय लवकर निघत नाही, हेही तितकंच खरं. चळवळींच्या इतिहासात आपण कुणाचा तरी पक्ष घेतोच, आणि घ्यावा असं मला वाटतं. 'ते सगळे थोर होते, भांडणं काय होतातच' असं म्हणून पुढे गेलं, तर ती माणसं जिवापाड कशासाठी झगडत होती तेच हातून निसटतं.

या मंडळींना फुटण्याची सवय आधीपासून होती. १९१० च्या डिसेंबरात मॉस्कोत 'चौकटचा गुलाम' या नावाने नव्या चित्रकारांचं प्रदर्शन झालं. दीड वर्षाच्या आत मिखाईल लारिओनोव्ह आणि नतालिया गोंचारोव्हा यांनी त्यातून बाहेर पडून वेगळी चूल मांडली होती. जुने सोबती फ्रेंच चित्रकार सेझानचे अनुयायी झाले, पॅरिसच्या ओंजळीने पाणी पिऊ लागले, असा त्यांचा आरोप. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांच्या नव्या गटाचं प्रदर्शन भरलं, नाव 'गाढवाचं शेपूट'. त्यात मालेविच आणि तात्लिन दोघंही होते, एकाच बाजूला. लारिओनोव्ह-गोंचारोव्हांना देवचित्रांची परंपरा, बाजारात मिळणारी स्वस्त लोकचित्रं, दुकानांच्या पाट्या यांच्याकडे वळायचं होतं, आणि त्या फुटीतून गोंचारोव्हाची काही फार ताकदीची चित्रं आली. त्या काळातली फाटाफूट बहुतेक वेळा अशीच होती. कुणीतरी दार आपटून बाहेर पडायचं आणि बाहेर पडण्याचं कारण दाखवायला नवं काम करावंच लागायचं.

आधी कोण, हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा. तो कामाला पुढे नेत नाही, माणसाला कुरतडतो. मालेविचने काळ्या चौकोनावर आयुष्यभर १९१३ हे साल लावलं, कारण त्या वर्षी 'सूर्यावर विजय' या संगीतनाटकासाठी पडदे रंगवताना आपल्याला तो सुचला, असं त्याचं म्हणणं. चित्र प्रत्यक्षात १९१५ चं. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीने २०१५ साली केलेल्या तपासणीत काळ्या रंगाखाली आधीच्या रंगीत रचना सापडल्या. म्हणजे हा चौकोन दुसऱ्या कशावर तरी, कदाचित घाईत, चढलेला आहे. दोन वर्षांनी मागे गेल्याने चित्र अधिक चांगलं होत नाही. पण त्या वर्तुळात दोन वर्षं म्हणजे सारं काही होतं. वस्तू हद्दपार करणाऱ्या आपल्या या चित्रपद्धतीला 'सुप्रीमॅटिझम' हे नाव त्याने लावू नये असाही सहकाऱ्यांचा आग्रह होता. मग त्याने स्वतःची पत्रिका छापली आणि हाताने लिहिलेला कागद भिंतीवर चिकटवला.

या भांडणात जिचं नाव क्वचितच घेतलं जातं ती चित्रकार ओल्गा रोझानोव्हा. तिने कवी क्रुचोनिख याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट तक्रार आहे, की मालेविचचा सगळा सुप्रीमॅटिझम म्हणजे तिची कागद चिकटवून केलेली कोलाज आहेत. तिची कोलाज बघितली की ही तक्रार वाऱ्यावर सोडता येत नाही. रंगीत कागदाचे ते तुकडे मालेविचच्या आकारांपेक्षा हलके आहेत, त्यांना प्रेषिताचा आवाज नाही, पण मोकळ्या अवकाशात तरंगणं तिथे आहे. रोझानोव्हा १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये घटसर्पाने गेली, तिशी ओलांडून थोडीच पुढे. आद्यत्वाची लढाई जिंकायला आयुष्यही लांब लागतं, आणि मालेविचइतक्या मोठ्याने बोलण्याची तयारी लागते. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मला हा अन्याय त्या प्रदर्शनातल्या मारामारीपेक्षा मोठा वाटतो, कारण तो करायला कुणाला हात उचलावा लागला नाही.

१९१६ च्या मार्चमध्ये तात्लिनने मॉस्कोत 'दुकान' या नावाचं प्रदर्शन भरवलं. मालेविचला बोलावणं होतं, पण सुप्रीमॅटिस्ट कामं आणायची नाहीत या अटीवर. त्याने जुनी चित्रं लावली. आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडे काय झालं पाहा: पोपोव्हा आणि उदाल्त्सोव्हा, ज्यांची चित्रं 'व्यावसायिकां'च्या खोलीत लागली होती, त्या दोघी मालेविचच्या 'सुप्रेमुस' गटात सामील झाल्या. पोपोव्हाने तिथून उचललेले आकार स्वतःच्या पद्धतीने एकमेकांवर रचले, त्यांना वजन दिलं, कडा धारदार केल्या. दारावरच्या त्या पाटीला वर्ष उलटायच्या आत अर्थ उरला नव्हता. इथपर्यंतची भांडणं मला निरोगी वाटतात, ती या कारणाने. खोली बदलता येत होती. आज ज्याच्यावर टीका केली त्याच्याकडून उद्या शिकता येत होतं, आणि त्याला कुणी गद्दारी म्हणून शिक्षा देऊ शकत नव्हतं, कारण शिक्षा देण्याचं साधनच कुणाकडे नव्हतं.

ते साधन १९१७ च्या क्रांतीनंतर आलं.

१९१८ मध्ये नव्या सरकारचा शिक्षणमंत्री लुनाचार्स्की याच्या खात्यात दृश्यकलेचा विभाग सुरू झाला आणि कालपर्यंत टिंगल झेलणारे हे चित्रकार एकदम खुर्च्यांवर बसले. तात्लिनकडे मॉस्कोच्या विभागाची जबाबदारी आली. संग्रहालयांसाठी कुणाची चित्रं विकत घ्यायची, शाळेत कोण शिकवणार, कुणाला स्टुडिओ आणि कुणाला शिधा, हे आता तेच ठरवणार होते. त्यांच्या 'कम्यूनची कला' या साप्ताहिकात त्याच डिसेंबरात लुनाचार्स्कीने एक छोटा लेख लिहिला, शीर्षक 'उताऱ्याचा एक चमचा'. विषावरचा उतारा, या अर्थाने. त्याचे आक्षेप दोन होते. एक, जुन्या कलेबद्दलची विध्वंसाची भाषा. दुसरा, एका विशिष्ट पंथाच्या वतीने बोलत असताना सरकारच्या वतीने बोलत असल्याचा आव आणणं.

हा दुसरा आक्षेप मला संपूर्ण कहाणीची किल्ली वाटतो, आणि तो एका मंत्र्याने घेतला होता. कलावंतांनी तो ऐकला नाही. त्यांना वाटत होतं, सत्ता आपल्या बाजूने आहे तोवर भांडण कायमचं मिटवून टाकावं. आपला मार्ग हाच क्रांतीचा एकमेव मार्ग आहे, यावर शिक्का मिळवावा. प्रत्येक गटाला असंच वाटत होतं.

आजच्या बेलारूसमधल्या व्हितेब्स्कमध्ये जे घडलं ते वाचताना मला अजूनही त्रास होतो. चित्रकार मार्क शागाल त्या गावचा. १९१८ मध्ये तो प्रांताचा कला-आयुक्त होऊन परतला. क्रांतीच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने गाव सजवलं ते हिरव्या गायींनी आणि उडत्या घोड्यांनी. कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी विचारलं, की गाय हिरवी का, घोडा आकाशात का, आणि मार्क्स-लेनिनशी याचा संबंध काय. आत्मचरित्रात हा प्रसंग त्याने लिहून ठेवला आहे. जानेवारी १९१९ मध्ये एका बँकरच्या ताब्यात घेतलेल्या वाड्यात त्याची कलाशाळा सुरू झाली. गावातल्या गरीब मुलांना, ज्यांना त्याच्यासारखंच चित्रकलेचं दार बंद होतं त्यांना, फुकट शिकता यावं हा उद्देश. सगळ्या प्रकारचे शिक्षक असावेत, हाही आग्रह. स्वतःचा जुना गुरू येहुदा पेन याला त्याने बोलावलं, जो अगदी पारंपरिक पद्धतीने काढणारा होता. तरुण चित्रकार एल लिसित्स्कीला बोलावलं. आणि लिसित्स्कीच्या आग्रहाने नोव्हेंबर १९१९ मध्ये मालेविच आला.

तीन महिन्यांत 'उनोव्हिस' गट उभा राहिला. नव्या कलेचे पुरस्कर्ते. त्यातली मुलं बाहीवर काळा चौकोन शिवून फिरत. चित्रांवर व्यक्तीचं नाव न घालता गटाचं नाव घालत. स्वतःला जवळजवळ पक्षासारखं बांधलं, इतर शहरांत शाखा काढल्या. दुष्काळ, यादवी, थंडी, आणि त्यातच ही मुलं घरांच्या भिंतींवर, ट्रामवर, शिधापत्रिकांवर वर्तुळं-चौकोन रंगवत होती. त्यांच्या उत्साहाचं मला मनापासून अप्रूप वाटतं. मालेविच विलक्षण शिक्षक असणार; मुलं त्याच्यामागे गेली ती भीतीने नव्हे. पण शागालचा वर्ग रिकामा झाला. लिसित्स्की, जो कालपर्यंत ज्यू लोककथांची सुंदर चित्रं काढत होता, तोही पलीकडे गेला. ज्या शाळेत सगळ्यांना जागा असावी असं शागालला वाटत होतं, तिथे एकाच पद्धतीला जागा उरली आणि जून १९२० मध्ये संस्थापक स्वतःच्या गावातून मॉस्कोला निघून गेला. त्याच महिन्यात उनोव्हिसची मुलं आणि मालेविच परिषदेसाठी आगगाडीने मॉस्कोला जाताना काढलेला फोटो आहे. सगळे तरुण, सगळे खुशीत.

शागालने याचं उत्तर चित्रातून दिलं, असं मी मानते. त्या वर्षाच्या शेवटी मॉस्कोच्या ज्यू नाट्यगृहासाठी त्याने जे मोठं भिंतचित्र केलं, त्यात वर्तुळं, त्रिकोण, तिरके पट्टे आहेत, थेट मालेविचच्या घरचे. पण त्यांच्यावर वादक बसले आहेत, नर्तक उलटे चालत आहेत, गाय आहे, बकरी आहे. ज्या आकारांनी त्याला गावातून बाहेर काढलं, त्यांना त्याने आपल्या माणसांच्या पायाखाली घातलं. या भांडणाने दिलेलं हे एक लखलखीत चित्र. तरी शाळा गेली ती गेलीच.

मॉस्कोत त्याच सुमारास हाच खेळ दुसऱ्या पटावर चालू होता. चित्रकार वासिली कँडिन्स्कीने कलासंस्कृती संस्थेसाठी, म्हणजे 'इन्खुक'साठी, कार्यक्रम आखला: रंगाचा आणि आकाराचा मनावर काय परिणाम होतो याचा अभ्यास. चित्रकार अलेक्सांद्र रॉडचेंको आणि त्याच्या सोबत्यांना हे आत्मनिष्ठ, मनाच्या अंधारात चाचपडणारं वाटलं. १९२१ च्या सुरुवातीला कँडिन्स्की बाहेर पडला. पाठोपाठ 'रचना' (कलावंताच्या आवडीने केलेली मांडणी) आणि 'बांधणी' (साहित्याच्या गरजेतून येणारी मांडणी) यांच्यावर महिनोन्महिने वाद झाला आणि मार्चमध्ये बांधणीची बाजू घेणाऱ्या कन्स्ट्रक्टिव्हिस्टांचा गट स्थापन झाला. सप्टेंबरमध्ये रॉडचेंकोने लाल, पिवळा आणि निळा असे तीन एकरंगी फलक मांडून चित्रकला संपल्याचं जाहीर केलं. दोनच वर्षांपूर्वी मालेविचच्या पांढऱ्यावर पांढऱ्या चित्रांना त्याने काळ्यावर काळ्या चित्रांनी उत्तर दिलं होतं, तेही एकाच प्रदर्शनात. ते उत्तर मला फार आवडतं. ते रंगाने दिलेलं आहे. मालेविचचा पांढरा अनंताकडे ओढतो, रॉडचेंकोचा काळा पृष्ठभागाची खरखर दाखवतो, आणि दोघांना शेजारी पाहिलं की वाद शब्दांशिवाय कळतो. कँडिन्स्कीला दिलेलं उत्तर तसं नव्हतं. ते बैठकीतल्या बहुमताने दिलेलं होतं.

तात्लिनच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीयच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या, स्मारकाचा नमुना १९२० च्या नोव्हेंबरात पेत्रोग्रादमध्ये उभा राहिला, तेव्हाही मतं अशीच फुटली. चारशे मीटर उंचीचा लोखंडी मनोरा, आत फिरणारी काचेची दालनं. शिल्पकार नाऊम गाबोचं म्हणणं होतं, की एक तर खरी घरं-पूल बांधा, नाहीतर शुद्ध कला करा, दोन्हींची सरमिसळ नको. मनोरा कधीच बांधला गेला नाही. पण तो नमुना लिसित्स्कीच्या मनात इतका ठसला, की मालेविचचा हा शिष्य १९२१-२२ मध्ये कामात बुडालेल्या तात्लिनचं कोलाज करून बसला, डोळ्यातून कंपास निघालेला. गटांच्या भिंती ओलांडणारी अशी माणसं होती. ती कमी होती, आणि लिसित्स्की तोवर बर्लिनला गेलेला होता.

भाऊबंदकीत बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन भावांचं शेत शेवटी तिसऱ्याच्याच नावावर होतं. इथे तिसरा आधीच उभा होता. १९२२ मध्ये वास्तववादी चित्रकारांची संघटना स्थापन झाली. तिने लाल सैन्याची, कामगारांची, दैनंदिन जीवनाची ओळखू येणारी चित्रं काढायचं ठरवलं, आणि पुढाऱ्यांना ती समजत होती. त्या संघटनेला नव्या आरोपांचा शोध लावावा लागला नाही. 'गूढवादी', 'आत्मनिष्ठ', 'जनतेपासून तुटलेला' हे सगळे ठपके नव्या कलेच्या गटांनी एकमेकांवर आधीच मारून ठेवलेले होते. १९२६ च्या जूनमध्ये लेनिनग्रादच्या, म्हणजे पूर्वीच्या पेत्रोग्रादच्या, वृत्तपत्रात मालेविच तिथे चालवत असलेल्या कलासंस्थेवर लेख आला, मथळा 'सरकारी खर्चाने चाललेला मठ'. त्या संस्थेत एक विभाग तात्लिननेही चालवला होता; दोघं तिथेही भांडले आणि तात्लिन १९२५ मध्ये कीव्हला गेला. १९२६ च्या अखेरीस संस्था बंद झाली. १९२८ मध्ये एका छायाचित्रण मासिकाने निनावी पत्र छापून, एव्हाना छायाचित्रणाकडे वळलेल्या रॉडचेंकोवर परदेशी छायाचित्रकारांची नक्कल केल्याचा आरोप केला. चित्रकला संपवणाऱ्याला आता कॅमेऱ्याचा कोनही हिशोबात द्यावा लागत होता.

या भांडणांमुळे पुढचं सगळं झालं, असं मी म्हणणार नाही. ते एकदिलाने वागले असते तरी स्तालिनचं राज्य त्यांना सोडणार नव्हतं. पण एक सवय त्यांनी स्वतः लावून घेतली होती: कलेतला वाद वरच्या माणसाकडे नेण्याची. २३ एप्रिल १९३२ च्या पक्षाच्या ठरावाने सगळेच गट बरखास्त झाले. त्यानंतर कुणाशी भांडायला कुणी उरलं नाही. व्हितेब्स्कची शाळा शागालनंतर सांभाळणाऱ्या वेरा येर्मोलायेव्हाला १९३४ च्या डिसेंबरात अटक झाली आणि १९३७ मध्ये छावणीत गोळी घातली गेली. उनोव्हिसमधून कन्स्ट्रक्टिव्हिझमकडे वळलेला गुस्ताव क्लुत्सिस १९३८ मध्ये मारला गेला. त्यांना मारणाऱ्यांच्या दृष्टीने चौकोन आणि तार यांत काहीच फरक नव्हता.

त्या ठरावाच्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, लेनिनग्रादच्या रशियन संग्रहालयात पंधरा वर्षांच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्या मांडणीत समीक्षक निकोलाय पुनिनचा मोठा वाटा होता. हा पुनिन तात्लिनचा कैवारी. मनोऱ्यावर पुस्तिका लिहिणारा, तात्लिनला त्या काळचा सर्वात मोठा कलावंत मानणारा. त्या प्रदर्शनात मालेविचला एक दालन मिळालं. पुढच्या वर्षी प्रदर्शन मॉस्कोला गेलं तेव्हा तीच कामं चुकलेल्या वाटेचे नमुने म्हणून दाखवली गेली, पण लेनिनग्रादमध्ये ती सन्मानाने लागली होती. पुनिनने तात्लिनबद्दलचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. मालेविच पटला म्हणून त्याने त्या भिंती दिल्या, असंही वाटत नाही. मालेविच तिथे नसता, तर तात्लिन इतकी वर्षं कशाच्या विरोधात उभा होता हे कुणाला कळलंच नसतं, आणि हे पुनिनइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.